अजून न बनलेली किल्ली

आमच्या साहेबांना फोन लावला की फोन कानापासून वीतभर लांब धरायचा, हे मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकले. सगळी हयात टेलिफोनच्या नोकरीत गेलेला माणूस, पण फोनवर असा ओरडायचा की मधली तार न् टॉवर सगळं फुकट वाटावं. फुलचूरच्या आमच्या ऑफिसातून ते आमगावला बोलायला लागले की खालचा चौकीदार म्हणायचा, "साहब को फोन की क्या जरूरत है? खिडकी खोल दो, हो गया काम."

'हॅलो' ते कधी म्हणाले नाहीत. "बोल," म्हणायचे. आणि स्वतःहून फोन कधी ठेवायचे नाहीत. मी नवी होते, मला वाटायचं वरिष्ठ आहेत, त्यांच्या आधी आपण कसा ठेवायचा? म्हणून मीही धरून बसायची. बोलणं कधीच संपलेलं आणि दोघं आपले गप्प. शेवटी तिकडून गर्जना यायची, "अवो बाई, ठेव न आता! माझा श्वास ऐकून राहिली का?"

"तुम्ही ठेवा ना, साहेब."

"मी नाही ठेवत."

काऊन नाही ठेवत, हे विचारायची तेव्हा हिंमत नव्हती. माझं तोंड तसं गोंदियाच्या बाजारात वाढलेलं, कुणाला भीक घालत नाही, पण साहेबांपुढे थोडं जपून चालायचं.

दुसरं त्यांचं वेड घड्याळाचं. हातातलं घड्याळ दहा-बारा मिनिटं पुढे. ऑफिसातलं भिंतीवरचं पुढे. घरी स्वयंपाकघरातलंही पुढे, त्यावरून काकूंची रोज कटकट. कोणाच्या टेबलावर गजराचं घड्याळ दिसलं आणि आजूबाजूला कुणी नसलं, की साहेब त्याची कळ हळूच फिरवून पुढे जायचे. आम्ही सगळे वजाबाकीत तरबेज झालो होतो. भिंतीकडे बघायचं, मनात दहा-बारा मिनिटं वजा करायची, मग डबा उघडायचा. गंमत म्हणजे साहेबही तेच करायचे. कुणी वेळ विचारली की मनगटाकडे बघायचे, ओठ जरासे हलायचे, आणि सांगायचे ती बरोबर खरी वेळ.

एकदा मी म्हटलंच, "साहेब, तुम्हीच वजा करता, तर मग पुढे ठेवायचं कायले?"

त्यांनी बराच विचार केला. म्हणाले, "माहीत असलं तरी जीव थोडा लवकर घाबरते. तेवढंच पुरते."

मी हसले होते. त्या वाक्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे मला पुढे कळलं.

ते कळलं तो दिवस आम्हा सगळ्यांसाठी रिकामा होता. भंडाऱ्याकडे कुठंतरी रस्त्याचं काम चालू होतं, तिथं जेसीबीनं आमची केबल तोडली, आणि नागपूरशी संबंध तुटल्याबरोबर अख्खा गोंदिया जिल्हा मुका झाला. तेव्हाची व्यवस्थाच तशी होती. फुलचूरच्या माणसाला शेजारच्या गल्लीत फोन लावायचा तरी ते बोलणं आधी नागपूरला जायचं, तिथल्या मशीन हो म्हणायच्या, मग परत यायचं. केबल तुटली की गल्लीही तुटली. आम्ही आपले हात बांधून बसलो होतो. साहेब खिडकीशी उभे राहिले आणि मला आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हळू आवाज ऐकू आला.

नोकरीच्या सुरुवातीला ते अर्जुनीच्या एक्स्चेंजमध्ये होते. रेल्वेची छोटी लाईन होती तेव्हा, गाड्या मोजक्या. वडील गोंदियाला दवाखान्यात. एक दिवस दुपारी त्यांच्या काकांनी दवाखान्यातून ट्रंक कॉल लावला, 'लवकर ये' म्हणाले, आणि मग फोन वडिलांच्या हातात दिला. वडिलांना धाप लागलेली. एकेक शब्द ओढून काढत होते. "तुले एक सांगाचं होतं..." एवढं म्हणाले आणि श्वास घ्यायला थांबले. इकडे साहेबांना स्टेशनातून इंजिनाची शिटी ऐकू आली.

"मी म्हटलं, बाबा, ठेवून राहिलो, गाडी सुटते, तिथं येऊनच ऐकतो. आन् ठेवला."

"मग?"

"मग काय? धावलो. पलाटफारमवर पोचलो त शेवटचा डबा जाऊन राहिला होता. जरा लवकर निघालो असतो त भेटली असती. गेलो दुसऱ्या गाडीनं." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "फोन बी गेला, गाडी बी गेली. काय सांगाचं होतं बाबाले, कोनाले ठाऊक."

आम्ही तसेच केबल जोडली जायची वाट बघत बसलो.

त्या दिवसापासून साहेबांनी एकच गोष्ट धरून ठेवली. नागपूरची तार तुटली तरी गोंदियाचा माणूस अर्जुनीच्या माणसाशी बोलला पाहिजे. त्यासाठी मशीन इथं हव्यात, आपल्या खोलीत. लोक हसले. साहेब नागपूरला खेटे घालत राहिले, वरच्यांच्या कानाशी ओरडत राहिले, आणि माझी तर खात्री आहे, त्या आवाजाला कंटाळूनच वरच्यांनी अखेर दोन मशीन फुलचूरला पाठवल्या. पुढे तिसरीही आली. ती चालवून दाखवा, म्हणाले, मग खोली कायमची तुमची. नाही जमलं, तर सगळ्या परत नागपूरला.

त्या खोलीत साहेब मे महिन्यातही मफलर गुंडाळून बसायचे, कारण एसीची हवा थेट मानेवर यायची. चपला बाहेर. मोबाईल बाहेर, दारातल्या दुरडीत. मोठ्यातला मोठा साहेब आला तरी त्याचा मोबाईल त्या बांबूच्या दुरडीत पडायचा. जुन्या दोन मशीनना ते 'दोघी बहिनी' म्हणत आणि तिसरीला 'नवी सून'. काही बिघडलं की खोलीत लाल दिवा लागायचा आणि भोंगा वाजायचा. तो बंद करायची कळ होती, पण कारण सापडेपर्यंत ती दाबायला साहेबांची सक्त मनाई. मी एकदा कान किटले म्हणून दाबली, तर केवढे भडकले! "रडनाऱ्या लेकराच्या तोंडावर हात ठेवतेत का? आधी पाह्य, काऊन रडून राहिलं!"

सगळ्यात जास्त भोंगा वाजायचा तो किल्ल्यांचा. या मशीन एकमेकींशी बोलायच्या आधी किल्ल्या बदलतात. किल्ली लोखंडाची नव्हे, आकड्यांची लांबलचक माळ. माझी तुझ्याकडे, तुझी माझ्याकडे, म्हणजे मध्ये तिसऱ्या कुणाला आपलं बोलणं कळायला नको. प्रत्येक किल्लीवर ती बनल्याची वेळ असते, आणि थोड्या वेळानं ती शिळी होते, मग नवी बनवायची. ही देवाणघेवाण अडली की तिघी एकमेकींना ओळखत नाहीत. शेजारी शेजारी उभ्या, आणि बोलणं बंद. साहेब भोंगा ऐकून आत यायचे आणि पहिला प्रश्न ठरलेला, "कोनाचं कोनाशी बिनसलं?" मग पडद्यावर दोघींचं म्हणणं वाचायचं. एकीचं वाचून मोकळं व्हायचं नाही. बहुतेक वेळा केबल सैल झालेली असायची नाहीतर किल्लीचं काम बघणारा प्रोग्राम अडकलेला असायचा. तो बंद करून परत चालू केला की मिटायचं.

त्या दिवाळीला त्यांची मुलगी पुण्याहून आली. एकुलती एक. पहिल्या पगारवाढीचं घड्याळ घेऊन आली होती बापासाठी, चांगलं जड, पट्टा कातडी. बापाच्या मनगटावरचं जुनं उतरवलं आणि नवं बांधलं. वर अट घातली, "बाबा, याला हात लावायचा नाही. माझी शपथ आहे. बास झालं आता पुढं पळणं."

दिवाळीनंतर साहेब ऑफिसात आले ते मनगट पुढे करूनच. सगळ्यांना दाखवलं. चौकीदारालाही.

मी विचारलं, "आणि पुढे केलं नाही?"

"लेकीची शपत हाय न."

खुशीत होते, पण बेचैनही होते. फोड आलेला हात सांभाळावा तसं ते मनगट सांभाळायचे. काटे खरे होते आणि साहेबांना खऱ्या काट्यांची सवय नव्हती. भिंतीवरचं मात्र होतं तसंच पुढे राहिलं. तिची शपथ फक्त हातातल्या घड्याळाला होती, असा त्यांनी सोयीस्कर अर्थ काढला.

थंडी पडायला लागली तेव्हा नागपूरची समिती आली. माणसं वाईट नव्हती. समितीचे मोठे साहेब तर फार सभ्य, चहाचा कप स्वतः उचलून ठेवणारे. त्यांची परीक्षा साधी होती. नागपूरची लाईन मुद्दाम तोडायची. नवी मशीन पूर्ण बंद करून थंड होऊ द्यायची. मग नागपूरच्या कसल्याही मदतीशिवाय ती चालू करून, जेवायच्या सुट्टीच्या आत, तिन्ही मिळून जिल्ह्याचे फोन चालवून दाखवायचे. म्हणजे केबल तुटण्याचं नाटकच. साहेब याच नाटकाची इतकी वर्षं वाट बघत होते. सकाळी घरून देवाला हात जोडून आले होते, कपाळावर कुंकू.

लाईन तोडली. नवी बंद केली, परत चालू केली. एरवी मशीन आपली वेळ नागपूरकडून आपोआप घेते. आता नागपूर नव्हतं, म्हणून पडद्यावर प्रश्न आला, वेळ काय? साहेबांनी मला उठवलं आणि स्वतः खुर्चीत बसले. मनगटाकडे बघितलं. ओठ जरासे हलले. वेळ टाकली. इतकी वर्षं बघितलेलं ते ओठांचं हलणं, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. कुणालाच वाटलं नसतं.

थोड्या वेळात लाल दिवा लागला आणि भोंगा सुरू झाला. किल्ल्यांची देवाणघेवाण होत नाही.

"होईन, होईन," साहेब समितीला म्हणाले. मी बघितलं, प्रोग्राम चालू होता. बंद करून परत चालू केला. भोंगा थांबला. मोठे साहेब हसले, मीही हसले. आणि परत भोंगा. केबल काढून पुसून लावली. परत भोंगा. सगळ्या जुन्या किल्ल्या फेकून दोघी बहिणींकडून कोऱ्या करकरीत किल्ल्या बनवून घेतल्या. नव्या सुनेनं त्याही परत केल्या. समितीतला एक जण कानावर हात ठेवून म्हणाला, "अहो, तो आवाज तरी बंद करा."

"नाही," साहेब म्हणाले.

थंडीचे दिवस, वर एसी, आणि साहेबांच्या मफलरखाली घाम. मशीन परत बंद-चालू करायला मी हात पुढे केला तर त्यांनी धरला. समिती जेवायला उठली. मोठे साहेब जाताना हळूच म्हणाले, "असू द्या, होतं असं." मला तर रडू यायचं बाकी होतं.

खोलीत आम्ही दोघंच राहिलो. साहेब म्हणाले, "नव्या सुनेचं म्हननं वाच. पूर्ण वाच."

मी वाचलं. इंग्रजीत लिहिलेलं, मी त्यांना मराठीत सांगितलं. "किल्ली मिळाली. किल्ली नाकारली. कारण, ही किल्ली अजून बनलेली नाही."

"अजून?" साहेब म्हणाले. "आता त बनवली आपन."

मी परत वाचलं. तेच होतं. अजून बनलेली नाही. तिच्या हिशेबानं ती किल्ली पुढच्या वेळची होती, आणि जी अजून बनलीच नाही ती घेणार कशी?

साहेबांनी आधी भिंतीकडे बघितलं. मग मनगटाकडे. मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा असा उतरला की मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ नेली.

"अवो माय," ते इतक्या हळू म्हणाले की भोंग्यात मला ओठांवरूनच कळलं. "मी वजा केलं."

खरी वेळ दाखवणाऱ्या घड्याळातून त्यांनी दहा-बारा मिनिटं वजा केली होती. आयुष्यभर पुढे धावलेला माणूस लेकीच्या शपथेखातर एकदा खऱ्या वेळेत राहिला, आणि नेमकी मशीनची वेळ मागे लावून बसला. घड्याळ बदललं होतं, पण बोटांना कुणी सांगितलं नव्हतं.

वेळ सरळ केली, आणि भोंगा असा थांबला की कानात दडे बसल्यासारखं झालं. तिघी बोलायला लागल्या. चौकीदारानं खालून नवेगावला मेहुण्याला फोन लावला, लागला. नागपूर नसताना लागला! पण समितीच्या ताटात तोवर भात येऊन गेला होता. ते आले तेव्हा ठरलेली वेळ टळली होती.

"काय होतं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"घड्याळ चुकलं. मी लावलं होतं."

मला राहवलं नाही. "सर, त्याचं असं आहे, साहेबांच्या हातातलं हे घड्याळ..."

"पोरी, चूप!" साहेब फोनवरच्या आवाजात ओरडले. सगळे दचकले. त्यांनी बाही खाली ओढून मनगट झाकून घेतलं होतं.

मोठे साहेब म्हणाले, मशीन उत्तम आहेत, पण ऐन गरजेच्या वेळी सगळं एका माणसाच्या हातावर राहतं. ते काही खोटं बोलले नाहीत. म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला.

जिन्यात साहेबांनी मला थांबवलं. "कोनाले सांगू नको वो. गोंदियात अशी गोष्ट संध्याकाळपर्यंत पोह्याच्या ठेल्यावर पोचते. लेकीच्या कानावर जाईन. केवढ्या हौसेनं बांधलं तिनं."

"साहेब, पण तुमची खोली जाईल."

"जाईन त जाईन," ते म्हणाले आणि भराभरा उतरून गेले.

खोली लगेच गेली नाही. सरकारी कामं ती, रखडतात. आधी नवी सून गेली. मग साहेब निवृत्त झाले, अर्जुनीकडच्या गावी, शेतावर राहायला गेले. मग एक बहीण गेली. दर रविवारी त्यांचा फोन यायचा, "बोल. खोली चालू हाय न?" आणि एकटी तरी चालू आहे तोवर मी खरं खरं सांगायची, "आहे, साहेब." "मंग ठीक हाय. ठेव आता." मी ठेवायची.

यंदा शेवटची मशीन ट्रकमध्ये चढली. एसी बंद केला. दारातली दुरडी चौकीदार घरी घेऊन गेला, लसूण ठेवायला. माझी बदली नागपूरला झाली. आणि आता पुन्हा भंडाऱ्याकडे केबल तुटली की आमच्या जिल्ह्यात कुणाचा फोन कुणाला लागत नाही. हे साहेबांना फोनवर कसं सांगणार? मी रविवारी सकाळच्या गाडीत बसले आणि त्यांच्या गावी गेले.

मुलगी आलेली होती. काकूंनी इटियाडोह धरणातले मासे आणि लाखोरीची डाळ केली होती. मी घरात शिरले आणि पहिलं काही दिसलं असेल तर घड्याळं. ओसरीतलं खरं, स्वयंपाकघरातलं खरं, मनगटावरचं तर होतंच. मुलगी कौतुकानं म्हणाली, "बघताय ना? एकही पुढे नाही. माझ्या घड्याळानं बाबांना सुधारलं."

तिच्या मागे साहेब टॉवेलनं हात पुसत उभे होते. माझ्याकडे नुसते बघत होते.

"कमाल केलीस बाई," मी म्हटलं. मनात मात्र म्हटलं, सुधारले कसले? त्यांना आता कुठं पोचायचंच नव्हतं. त्या खऱ्या काट्यांचा मला असा संताप आला की वाटलं, उठावं आणि सगळी परत पुढे करावी.

घरात ते मला सांगता आलं नाही. दुपारी परतीच्या गाडीसाठी निघाले, तर साहेब स्टेशनापर्यंत सोडायला आले. मला वाटलं, जुनं हाडच आहे, लवकर निघतील. पण अगदी निवांत चालले होते. कालव्याच्या पुलावर आलो. धान कापून झालेलं, लांब आमच्याकडच्या प्रतापगडाचा डोंगर. साहेब म्हणाले, "खोली?"

"साहेब, ते असं झालं..." मी म्हटलं आणि अडकले. बदलीचं बोलले, नागपूरच्या भाड्याच्या घराचं बोलले, चौकीदाराच्या लसणाचंही बोलले. ते ऐकत होते. "साहेब, मला तुम्हाला एक सांगायचं होतं," मी म्हटलं, आणि श्वास घ्यायला थांबले.

तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. स्टेशन समोरच दिसत होतं.

"साहेब, गाडी! पळा!" मी त्यांचा हात धरून ओढला.

ते हलले नाहीत. मनगटाकडे बघितलं. ओठ हलले नाहीत. "हो, वेळेवर हाय," म्हणाले आणि पुलाच्या कठड्यावर बसले.

"अहो, परत जायला आज हीच आहे!"

"जाऊ दे. उद्या जाशीन. बस."

मी बसले. गाडी आली, थांबली, झाडांमागून निघून गेली. तिचा आवाज पार विरेपर्यंत साहेब कान देऊन राहिले, पलीकडच्यानं फोन ठेवायची वाट बघावी तसे. मग माझ्याकडे वळले. ओरडले नाहीत, अगदी हळू म्हणाले,

"बोल."